शोजो मांगातली खमकी नायिका: पहिल्या प्रकरणात वाघीण, दहाव्यात शेळी का?

अर्धविराम

रोमान्स मांगावर (मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स, शोजो म्हणजे त्यातला मुलींसाठीचा प्रकार) इथे अधूनमधून गप्पा होतात, पण हा मुद्दा दर वेळी अर्ध्यात सुटतो. म्हणून वेगळा धागा काढतेय. आधीच इशारा: खाली बऱ्याच मालिकांचे शेवट फुटणार आहेत. रसभंग नको असेल त्यांनी इथूनच मागे फिरावं.

तर मुद्दा असा. नायिका सुरुवातीला कुणाचं ऐकून घेत नाही, माजलेल्या पोरांना सरळ करते, घर चालवते. पाचव्या खंडापर्यंत तिच्याकडे कामं उरतात तीन: अडकणं, लाजणं, आणि नायक येईपर्यंत तग धरणं. हे का होतं? कुणी टाळलंय? टाळलं असेल तर नेमकं काय करून?

'काइचो वा मेड-सामा'पासून सुरू करते. हिरो फुजिवारा यांची मालिका, 'लाला' मासिकात आली, २०१३ मध्ये संपली, एकूण १८ खंड. सेइका ही पूर्वी फक्त मुलांची शाळा. आता मुलीही आहेत, पण मोजक्या. मिसाकी आयुझावा ही तिथली पहिली मुलगी विद्यार्थी-अध्यक्ष. वडील कर्ज मागे टाकून निघून गेलेत, म्हणून ती शाळेनंतर मेड कॅफेत, म्हणजे मोलकरणीचा पोशाख घालून वाढायच्या कॅफेत, नोकरी करते आणि शाळेत हे कळू नये म्हणून जिवाचा आटापिटा करते. मांडणी म्हणून हे फर्स्टक्लास आहे. दोन्ही जबाबदाऱ्या तिने स्वतः उचललेल्या आणि दोन्ही एकमेकींच्या मुळावर उठलेल्या.

पण नायकाला, म्हणजे उसुईला, पहिल्याच प्रकरणात गुपित कळतं आणि तिथून संकटांचा साचा ठरून जातो. मिसाकी एकटी भिडते, समोरचे जास्त निघतात, उसुई हजर. तिला आयकिदो ही जपानी युद्धकला येते हे आपल्याला सांगितलंय. ऐन वेळी ती कुठे जाते, कुणास ठाऊक.

मोजायची एक सोपी रीत आहे. कुठल्याही मालिकेचा एक खंड घ्या, म्हणजे पाच-सहा प्रकरणं. कागदावर तीन रकाने आखा. अडचण कुणाच्या कृतीतून आली? सोडवायचा निर्णय कुणी घेतला? त्या निर्णयाची किंमत कुणी मोजली? प्रत्येक प्रकरणापुढे नाव लिहा. मारामारी कुणी जिंकली याचा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही, कारण फसगत तिथेच होते. नायिकेने दहा जणांना लोळवलं तरी दुसऱ्या-तिसऱ्या रकान्यात नायकाचंच नाव येत असेल, तर खमकेपणा फक्त पोशाखापुरता आहे.

तिरकस

आधी रुमाल टाकून ठेवणार होतो, पण मिसाकीचं नाव निघालं म्हणून लगेच लिहितो.

अर्धविरामताई, तुमचे रकाने ठीक, पण मासिकाचा हिशोब त्यात नाही. 'लाला' महिन्यातून एकदा येतं. दर अंकात त्या जोडीचा एक तरी छाती धडधडवणारा प्रसंग हवा, नाहीतर वाचक पत्ता कापतात. प्रकरणागणिक संकट आणि सुटका हा विनोदी मालिकेचा ठोका आहे. शिवाय उसुई तिला कॅफेची नोकरी सोड म्हणत नाही, अध्यक्षपद सोड म्हणत नाही. ती जे करतेय ते तिला करू देतो आणि काठावर उभा राहतो. त्या काळच्या दादागिरी करणाऱ्या नायकांच्या मानाने ही मोठी गोष्ट आहे.

आणि शेवटचा भाग विसरू नका. उसुईच्या ब्रिटिश घराण्याचं प्रकरण येतं, तो इंग्लंडला जातो, आणि त्याला परत आणायला मिसाकी जाते. तुमच्या तिन्ही रकान्यांत तिचंच नाव.

अर्धविराम

शेवटचा भाग मान्य. पण तो शेवटी आहे. मधल्या दहा-बारा खंडांत तोच ठोका वाजत राहतो, आणि वाचकाला मिसाकी आठवते ती अडकलेलीच. विनोदी ठोक्याचं म्हणाल तर 'ओरान'ही 'लाला'तलंच, तेही विनोदी, तेही १८ खंडांचं. तिथे हे कसं जमलं?

तिरकस

'ओरान'वर मीच लिहितो, त्यातला एक प्रसंग या धाग्यासाठीच काढून ठेवल्यासारखा आहे.

बिस्को हातोरी यांची हारुही फुजिओका. शिष्यवृत्तीवर श्रीमंतांच्या शाळेत आलेली, क्लबमधली ८० लाख येनची फुलदाणी तिच्या हातून फुटते आणि ते फेडायला ती मुलगा म्हणून होस्ट क्लबात, म्हणजे देखणी पोरं मुलींची करमणूक करतात त्या शाळेतल्या क्लबात, काम करते. ही झाली गंमत. आता समुद्रकिनाऱ्याचा प्रसंग बघा. दोन टवाळ पोरं क्लबच्या पाहुण्या मुलींना त्रास देतात. हारुही एकटी मध्ये पडते, पोरं तिला कड्यावरून पाण्यात फेकतात, क्लबचा प्रमुख तामाकी उडी मारून तिला बाहेर काढतो. म्हणजे सुटका झालीच. पण हातोरी तिथे थांबत नाहीत. तामाकी चिडतो: मुलगी असून अंगावर का घेतलंस? हारुही म्हणते, मी तिथे होते, मुलगा-मुलगी हा प्रश्न येतोच कुठे? दोघांचं भांडण होतं आणि ती माफी मागायला तयार नाही.

त्या रात्री क्लबातलाच क्योया तिला पलंगावर दाबून धरतो, ताकदीतला फरक 'शिकवायला'. दुसऱ्या मालिकेत इथे किंकाळी, अश्रू आणि दार फोडून आत येणारा नायक असता. हारुही शांतपणे त्याच्याकडे बघते आणि सांगते की तू असं काही करणार नाहीस, यात तुझा काही फायदा नाही. माणूस वाचता येणं हे तिचं बळ आहे. हे पहिल्या प्रकरणापासून पेरलेलं आहे, म्हणून इथे ते पटतं. त्याच रात्री वीज कडाडते आणि ती कपाटात लपते. लहानपणापासून ती त्या भीतीला एकटीच तोंड देत आलीय, आणि तामाकीला हे तिथे कळतं. तिची घाबरण्याची जागा आणि तिची हिंमत वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलेली आहेत. माणसांसमोर ती घाबरत नाही, विजेला घाबरते. त्यामुळे तिला जवळ घेतलं तरी तिची हिंमत कमी होत नाही.

(अवांतर: क्योयाचा तो प्रसंग आज वाचताना खटकतो, ते वेगळं.)

रानजाई

+१. आता 'आकात्सुकी नो योना'.

मिझुहो कुसानागी, 'हाना तो युमे', २००९ मध्ये सुरू झालेली. ही मालिका या प्रश्नाचं सगळ्यात सविस्तर उत्तर आहे असं माझं मत, कारण योना सुरुवातीला खमकी नाहीच. केसांची काळजी करणारी लाडावलेली राजकन्या. सोळाव्या वाढदिवसाच्या रात्री ज्याच्यावर तिचं प्रेम आहे तो सू-वॉन तिच्या बापाला मारतो आणि तिचा अंगरक्षक हाक तिला घेऊन पळतो. नंतर बराच काळ ती नुसती ओढत नेली जाते. अर्धविराम यांच्या रकान्यांत सगळीकडे 'हाक' येईल. पण कुसानागींना ते माहीत आहे आणि त्या एकेक रकाना तिच्याकडे सरकवत नेतात. टप्पे बघा:

आधी नकार. कड्याच्या टोकाशी शत्रूने तिला केसांनी धरलंय, हाक खाली लटकतोय. ती हातात आलेल्या तलवारीने स्वतःचे केस कापते आणि सुटते. त्या क्षणी तिला लढता येत नाही. एवढंच येतं की जे पकडून ठेवलंय ते सोडून द्यायचं. कौशल्य शून्य, निर्णय पूर्ण तिचा.

मग शिकणं. बापाला शस्त्रांचा तिटकारा होता, तिला कधी हात लावू दिला नाही. ती हाककडे धनुष्य मागते. तलवार का नाही? सोळा वर्षं महालात वाढलेल्या मुलीला चार महिन्यांत तलवारीने प्रशिक्षित सैनिक हरवता येणार नाही, आणि लेखिका तसं दाखवतही नाही. धनुष्याला अंतर चालतं, सराव एकटीने करता येतो, आणि मुख्य म्हणजे बाण सोडायचा की नाही हा प्रश्न दर वेळी समोर उभा राहतो. लक्ष्य जिवंत असलं की तिचा हात थबकतो, हे आधी येतं.

तिसरं, परीक्षा. आवा बंदरात चाच्यांची म्होरकी गिगान तिला सांगते, कड्यावर उगवणारी एक औषधी वनस्पती एकटीने घेऊन ये. सोबत चाच्यांमधला जे-हा असतो, पण तो नुसता बघायला. अरुंद कपार, खाली समुद्र, अंगावर लाट येते. ती रडते, थरथरते आणि पुढे सरकते. या पानांवर एकही तलवार नाही. मला विचाराल तर शोजोतला हा सगळ्यात चांगला 'पराक्रम' आहे.

मग योजना. माणसं विकणाऱ्या जहाजावर आमिष म्हणून जायचं ती स्वतः ठरवते, सोबतच्या युन नावाच्या मुलाला घेऊन. आतून दारूकामाचा इशारा द्यायचा म्हणजे बाहेरचे हल्ला करतील. आता नीट बघा, इथेही तिची सुटका इतरच करतात. पण ते येतात ते तिच्या इशाऱ्यावर, तिच्या योजनेत. शेवटी पळणाऱ्या कुम-जीवर, या धंद्याच्या सूत्रधारावर, बाण सोडते तीच, आणि तो मरतो. आधी थबकलेला तो हात इथे थबकत नाही.

म्हणून 'नायकाने वाचवलं = नायिका दुबळी' हे गणित मला पटत नाही. वाचवणारा कुणाच्या योजनेत येतो, ते बघावं.

तिरकस

उत्तम. फक्त एक: योनात रोमान्स आहे कुठे? कबुली यायला शंभरावर प्रकरणं जातात!

रानजाई

तेच तर त्यातलं इंगित आहे :) आधी ती हाकच्या बरोबरीला येते, मग प्रेम. उलट क्रम लावला असता तर तिचं प्रत्येक शिकणं 'त्याच्यासाठी' झालं असतं.

जुनाजाणता

मंडळी, हे दुखणं जुनं आहे. ओसामु तेझुकांनी १९५३ मध्ये 'शोजो क्लब' मासिकात 'रिबोन नो किशी' सुरू केलं. राजकन्या सफायर, राज्य टिकावं म्हणून राजपुत्र म्हणून वाढवलेली, आणि तिच्यात दोन हृदयं: एक मुलीचं, एक मुलाचं. तलवारबाजी येते ती मुलाच्या हृदयामुळे, ते काढलं की हातातला जोर जातो. तेझुका ताकाराझुका गावात वाढले. तिथल्या सगळ्या भूमिका स्त्रियाच करतात त्या रंगभूमीची छाप यावर स्पष्ट आहे. पण बळ हे पुरुषाकडून उसनं आणलेलं, ही अट त्यात बसलेली होती.

ती अट मोडली रियोको इकेदांनी. 'बेरुसाइयु नो बारा', साप्ताहिक 'मार्गरेट', १९७२-७३. ऑस्कर फ्रांस्वा द जार्जाये हे पात्र काल्पनिक, आजूबाजूची राणी मारी आंत्वानेत आणि फ्रेंच क्रांती खरी. सरदार बापाला मुलगा नाही म्हणून धाकटीला लष्करी शिस्तीत वाढवलेलं. वरवर सफायरचीच मांडणी, पण इथे दुसरं हृदय वगैरे भानगड नाही. तिला तलवार येते कारण ती लहानपणापासून शिकलीय.

इकेदांचं मोठेपण पुढे आहे. राणीच्या दिमाखदार पथकातून ऑस्कर स्वतःहून फ्रेंच गार्ड्समध्ये जाते, आणि तिथले गरीब शिपाई बाईचा हुकूम मानायला नकार देतात. तिथे तलवार पुरत नाही. त्यांची भूक आणि त्यांचा राग तिला समजून घ्यावा लागतो. शेवटी ज्या वर्गाने तिला पद दिलं त्याच वर्गाविरुद्ध ती बास्तीच्या (बॅस्टिलच्या) किल्ल्यावर तोफा डागायला लावते आणि १४ जुलै १७८९ ला गोळी लागून मरते. तिचा लहानपणापासूनचा सोबती आंद्रे आदल्या दिवशी गेलेला असतो. तिसऱ्या रकान्यात, किंमत कुणी मोजली, इतकं ठळक नाव शोजोत त्याआधी कुणी लिहिलं नव्हतं.

नव्वदच्या दशकात मात्र नायिका घरगुती झाली आणि लढाई शाळेच्या जिन्यावर आली. योको कामिओंचं 'हाना योरी दांगो', १९९२, पुन्हा 'मार्गरेट'. त्सुकुशी माकिनो साध्या घरातली, एइतोकू या श्रीमंतांच्या शाळेत शिकणारी. तिथल्या दादा टोळीची लाल चिठ्ठी मिळाली की अख्खी शाळा मागे लागते. ती युद्ध पुकारते ते मैत्रिणीची बाजू घेतल्यामुळे. हे फार महत्त्वाचं, कारण तिचा पहिला निर्णय कुठल्याही मुलाबद्दल नाही. पण त्याच मालिकेत सुरुवातीला त्या टोळीचा म्होरक्या दोम्योजी तिच्यावर जबरदस्ती करू पाहतो आणि पुढे तोच नायक होतो. ही गाठ आजही सुटत नाही. नायिका कितीही कणखर असो, कथेने त्या प्रसंगाचा हिशोब चुकता केला नाही तर तिच्या कणखरपणाला भोक पडतं.

कोजागिरी

छान चाललाय धागा, वाचतेय. एक शंका: सगळी उदाहरणं भांडणाऱ्या नायिकांची आहेत. 'फ्रूट्स बास्केट'ची तोरु यात बसते का? ती तर कायम सॉरी म्हणत असते.

अर्धविराम

बसते, आणि तिच्यामुळे माझे रकाने मला जास्त आवडायला लागतात.

नात्सुकी ताकाया, 'हाना तो युमे', १९९८ ते २००६, २३ खंड. तोरु अनाथ, तंबूत राहते, सगळ्यांशी अतिशय अदबीने बोलते. वाचक समजतो, स्वभावच तसा. ताकाया फार उशिरा उलगडून दाखवतात की ती अदब तिने बापाकडून उचलली. नवरा गेल्यावर आई कोसळली होती आणि छोट्या तोरुला भीती होती की आई सोडून जाईल, म्हणून तिने बापासारखं बोलायला सुरुवात केली. म्हणजे ज्याला आपण गोडवा समजत होतो, ती लहान मुलीने जगण्यासाठी काढलेली युक्ती होती. हे कळल्यावर मागचे खंड पुन्हा वाचले तर प्रत्येक 'सॉरी' वेगळा ऐकू येतो.

आणि निर्णय? सोमा घराण्यावरचा शाप मोडायचा, हे तोरु ठरवते. तिला कुणी सांगितलेलं नाही, ज्यांच्यावर शाप आहे त्यातल्या बऱ्याच जणांनी हात टेकलेत, आणि त्यासाठी तिला ज्या अकितोसमोर उभं राहायचंय त्या घराण्याच्या प्रमुखाच्या हातात शेवटी सुरी असते. ती तिथे हात पुढे करते. दुसऱ्या रकान्यात तोरु, तिसऱ्यातही तोरु. एक ठोसा न मारता.

फसतं कुठे, तेही सांगते. तोरुची नक्कल करणाऱ्या डझनावारी नायिका आल्या ज्या नुसत्या चांगल्या आहेत. त्यांचा चांगुलपणा कुठून आला, त्याने त्यांचं काय नुकसान केलं, हे दाखवलेलंच नाही. मग ती मुलगी इतरांच्या जखमांवर लावायचं मलम होऊन बसते.

बोरूटाक

कथेवर खूप झालं. चित्राकडे या, कारण अर्धी नायिका टाकाच्या टोकावर मरते. कथा तिला निर्णय देते आणि पान तो काढून घेतं, असं सर्रास होतं.

पान उलटण्याची जागा. साधारण ३० पानांचं प्रकरण धरा, दर पानाला पाच-सहा चौकटी. म्हणजे दीडशेच्या वर चौकटी, पण पान उलटण्याच्या जागा पंधराच्या आतबाहेर. जपानी मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात, त्यामुळे डाव्या पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातली चौकट प्रश्न टाकते आणि उलटल्यावरची पहिली मोठी चौकट उत्तर देते. ती उत्तराची चौकट कुणाला दिली ते मोजा. पंधरापैकी दहा वेळा नायकाची एन्ट्री असेल, तर संवादात नायिकेला काहीही बोलायला लावा, वाचकाच्या डोक्यात प्रकरण त्याचंच राहतं. हे सगळं कच्च्या आराखड्यातच, ज्याला तिकडे 'नेम' म्हणतात, ठरवावं लागतं. शाई लागल्यावर दुरुस्त होत नाही.

उंची. मॉडेल शीटवर (पात्राच्या मापांच्या नमुना चित्रावर) नायिका साडेसहा-सात डोक्यांची, म्हणजे एका डोक्याच्या उंचीच्या तितक्या पट, नायक साडेसात-आठ. ठीक. पण सुटकेच्या प्रसंगात हात आपोआप तिला सहा डोक्यांवर आणतो, खांदे अरुंद होतात, मनगट काडीसारखं होतं. तीच मुलगी दोन पानांपूर्वी सामान उचलत होती! उपाय कंटाळवाणा आहे: जवळजवळच्या प्रत्येक चौकटीत दोघांची डोकी मोजायची. काबेदोन (म्हणजे भिंतीला हात टेकवून तिला अडवणं, २०१४ साली जपानात या शब्दाचा नुसता धुमाकूळ होता) काढताना कॅमेरा बहुतेक जण त्याच्या खांद्यावरून खाली तिच्यावर लावतात. तोच कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या पातळीवर आणा आणि तिची नजर सरळ ठेवा, दबावाचा प्रसंग समोरासमोरचा होतो.

डोळे. शोजोत बुबुळात दोन-तीन चमका असतात. निर्णयाच्या चौकटीत एकच ठेवा, बाकी काळं भरा. वरची पापणी बुबुळाच्या वरच्या कडेला झाकू द्या. पूर्ण गोल बुबुळ दिसलं की चेहरा दचकलेला वाटतो, आणि निम्म्या 'खमक्या' नायिका या एकाच कारणाने भेदरलेल्या दिसतात. भुवई जी-पेन या टाकाने जाड, पापण्या आणि केसांचे शेंडे मारू-पेन या बारीक टाकाने.

टोन, म्हणजे चित्रावर चिकटवायचा ठिपक्यांचा पारदर्शक कागद. ६१ नंबर, म्हणजे ६० रेषांचा १० टक्के ठिपका, सावलीसाठी घराघरात वापरला जातो. तो गालावर लाजेसाठी आणि रागासाठी सारखाच लावला तर दोन्ही भावना एक होतात. रागात गाल कोरा, सावली कपाळावर. आणि कृपा करून तिच्या ठाम वाक्यामागे फुलांचा टोन लावू नका. फुलं आली की वाचक ती कशी दिसते ते बघतो, ती काय म्हणाली ते राहून जातं. पांढरं सोडा.

शेवटचा फुगा. पानावरचा शेवटचा संवादाचा फुगा ज्याचा, त्याचा शब्द शेवटचा. भांडणाच्या पानांवर तो तिला द्या. तिचं मनातलं बोलणं, ते फुग्याबाहेर लिहितात, त्याला ओळीने तीन-चार पानं जागा दिली तर ती फक्त विचार करणारी होते. ठरवलेलं वाक्य फुग्यात आणा, समोरच्याला ऐकू जाऊ दे.

रानजाई

बोरूटाक, दंडवत! उंचीवरून आठवलं, आया नाकाहारांच्या 'लव्हली कॉम्प्लेक्स'मध्ये नायिका रिसा १७० सेंटिमीटरच्या वर आणि नायक ओतानी १५६च्या आसपास. तिथे हे सगळं कसं सांभाळलंय?

बोरूटाक

दोघांना एका चौकटीत घेतलं की उंचीचा फरक विनोद होतो, म्हणून गंभीर बोलणं बहुतेकदा बसून, पायऱ्यांवर किंवा चेहऱ्यांच्या वेगवेगळ्या चौकटींत होतं. मला त्यातली रिसा खमकी वाटते ती उंचीमुळे नाही. ती आपणहून कबुली देते, ओतानीच्या टाळक्यात शिरत नाही, नंतर नकार येतो, आणि ती दुसऱ्या दिवशी शाळेत जाते. नकारानंतरचा दिवस दाखवायला धाडस लागतं. बरेच लेखक नकाराच्या जागी गैरसमज घालून मोकळे होतात.

जुनाजाणता

'स्किप बीट'चं नाव कसं निघालं नाही? योशिकी नाकामुरा, २००२ पासून 'हाना तो युमे'त. क्योको मोगामी बालमित्र शो फुवासाठी क्योतोहून तोक्योला येते, राबराब राबते, आणि तो तिला मोलकरणीपेक्षा जास्त समजत नव्हता हे स्वतःच्या कानांनी ऐकते. सूड म्हणून ती अभिनयात उतरते. इथवर नेहमीचंच. पण एलएमई या कलाकारांच्या संस्थेच्या चाचणीत ती नापास होते, कारण तिच्यात प्रेम करण्याची इच्छाच उरलेली नाही, आणि प्रेक्षकांचं प्रेम मिळवण्याच्या धंद्यात ते चालत नाही. मग तिला 'लव्ह मी' विभागात टाकतात, भडक गुलाबी डांगरी घालून.

तिचं बळ म्हणजे कामातलं कसब, आणि ते कसब पायरी पायरीने दिसतं. मिओ ही खलभूमिका गाजते तर पुढे नात्सु नावाची दुसरी छळणारी मुलगी तिच्या वाट्याला येते, आणि प्रश्न पडतो की ही मिओची नक्कल होऊ नये कशी. चालणं, उभं राहणं, नजर, सगळं नव्याने शोधावं लागतं. 'ती हुशार आहे' हे दुसऱ्या पात्राच्या तोंडी घालण्यापेक्षा ती अडते कुठे आणि सोडवते कसं हे दाखवलं की वाचक आपोआप मान डोलावतो. 'अकागामी नो शिरायुकी-हिमे'ही याच वाटेवरचं. राज नावाच्या राजपुत्राला शिरायुकी रखेल म्हणून हवी असते. ती केस कापून तिथेच ठेवते आणि देश सोडते, पहिल्याच प्रकरणात. पुढे दुसऱ्या देशाच्या राजवाड्यात राहायचं तर तिथल्या राजपुत्राची, झेनची, मैत्रीण म्हणून नको, म्हणून औषधी विभागाची परीक्षा देते. आजाऱ्यांनी भरलेल्या किल्ल्यावर उपचाराची सूत्रं तिच्या हातात असतात आणि राजपुत्र तिने सांगितलेलं सामान हुडकत फिरतो.

तिरकस

शिरायुकी मला फार गुळगुळीत वाटते. चुकतच नाही. योना चुकते, क्योको चुकते, हिला फक्त अडचणी येतात.

अर्धविराम

ती मालिका मुळात एका भागात पूर्ण होणारी कथा म्हणून आली होती. त्यामुळे पहिल्याच भागात नायिका घडलेली दाखवणं भाग होतं. घडलेल्या नायिकेला लांब मालिकेत वाढायला जागा कमी उरते. शिरायुकीचा तोटा तिथे आहे, पण तुमच्याशी अर्धीच सहमत. औषधी विभागातल्या रियुसारख्या अबोल पोराबरोबर काम करताना ती हळूहळू बदलते, फक्त त्याचा गाजावाजा नाही.

कोजागिरी

आणि 'नाना'? माझ्या मते ओसाकी नाना सगळ्यात खमकी.

रानजाई

दिसते सगळ्यात खमकी. लेदर जॅकेट, सिगारेट, हातावरचं कमळाचं गोंदण, बँडची गायिका. आइ याझावांनी बाहेरचं कवच इतकं देखणं काढलंय की आत प्रियकर रेनवाचून तिचा श्वास अडकतो हे कळायला वेळ लागतो. उलट दुसरी नायिका हाची, जिला सगळे 'कुणाच्या तरी मागे धावणारी' म्हणतात, ती गरोदर राहते तेव्हा स्वतःच्या आयुष्याचा निर्णय घेते. तो आवडो न आवडो. २००९ पासून मालिका थांबलीय, त्यामुळे दोघींच्या तिसऱ्या रकान्यात काय लिहायचं ते लटकलेलंच आहे.

तिरकस

हाचीचा निर्णय? तिने परिस्थितीपुढे मान तुकवली. ताकुमी घर, पैसा, नाव सगळं देतो आणि ती लग्नाला हो म्हणते. याला निर्णय म्हणायचं असेल तर मिसाकीवर फारच अन्याय केलात तुम्ही लोकांनी.

रानजाई

मूल ठेवायचं हे तिने ताकुमीला विचारून ठरवलेलं नाही. लग्नाबद्दल तुमचं खरं असेल. एकाच पात्रात दोन्ही असू शकतं की.

कोजागिरी

शेवटचा प्रश्न, जरा कामाचा. मराठीत रोमान्स कॉमिक काढायचं म्हटलं, साधारण २४ पानांचं, तर बोरूटाक यांचं पान उलटण्याचं गणित उलटं होईल ना? आणि आधी जपानी पद्धतीने काढून स्कॅन आरशासारखं फिरवलं तर?

बोरूटाक

फिरवू नका. उजव्या हाताची धनुर्धारी डावखुरी होते, म्यान दुसऱ्या बाजूला जातं, आणि किमोनो असेल तर अनर्थ. किमोनोचा डावा पदर वर असतो, उजवा वर फक्त प्रेताला. आपल्याकडेही साडीचा पदर खांदा बदलेल, अंगरख्याचे बंद उलटे होतील. मुळातच डावीकडून उजवीकडे आखा.

उलटण्याची जागा आपल्याकडे उजव्या पानाचा खालचा उजवा कोपरा. दोन्ही पद्धतींत विषम पान संपलं की पान उलटतं, त्यामुळे हिशोब सोपा: प्रश्न विषम पानाच्या शेवटी, उत्तर सम पानाच्या सुरुवातीला. २४ पानांत अशा १२ जागा मिळतील. पहिल्या पानावर शीर्षक घेतलंत तर पहिली जागा तिथेच खर्च होते. निर्णयाच्या तीन जागा आधी ठरवा, म्हणजे ४, १२ आणि २० ही सम पानं नायिकेसाठी राखा, आणि मग मधली कथा त्यांच्याभोवती बसवा. नायकाची एन्ट्री ६ किंवा ८ वर चालेल.

कागदाचं माप: तिकडे बी-४ वर काढून छापताना लहान करतात, आतली चौकट १८० बाय २७० मिलिमीटर. आपल्याकडे ए-३ वर हेच माप आखलं तर कडेला भरपूर जागा राहते आणि छपाईत कापाकापीची भीती नाही. देवनागरीचे फुगे मात्र आडवे रुंद लागतात. जपानी उभ्या मजकुराचे उंच फुगे नकलले तर एका ओळीत दोनच शब्द बसतात आणि ओळी वाढून चेहरा झाकतो. फुगा आधी पेन्सिलीने मजकुरासकट आखा, चेहरा नंतर.

अर्धविराम

आणि ते तीन रकाने 'नेम' तयार झाल्या झाल्या भरा, चित्रं काढायच्या आधी. २४ पानांत साधारण चार वळणं येतात. चारपैकी किमान तीन ठिकाणी तिचं नाव आलं नाही तर कथा परत लिहा, टाक नंतर हातात घ्या. आराखडा इथे टाकलात तर बघू सगळे.

तिरकस

टाका, टाका. आणि नायकाला उसुईसारखा दर वेळी खिडकीत उभा करू नका, मी सुद्धा त्याचा वकील आहे तरी सांगतो.